प्राध्यापक शोधावे लागतात

प्रति,
माननीय राज्यपाल व कुलपती, महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
सर्व माननीय कुलगुरू



हे पत्र विद्यापीठांतल्या रिक्त पदांविषयी आहे, पण त्यांच्या संख्येविषयी नाही. संख्या आपल्यापुढे दर अधिवेशनात येते आणि भरती लवकरच होईल असे उत्तरही दर अधिवेशनात दिले जाते. मला वेगळी गोष्ट मांडायची आहे. उद्या सकाळी राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांतली संगणकशास्त्राची मंजूर पदे आजच्या पद्धतीने भरली, तरी त्यातून संशोधन करणारा एकही विभाग उभा राहील याची खात्री देता येणार नाही. कारण ही पद्धत आलेल्या अर्जांमधून निवड करते. ज्याने अर्ज केला नाही त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही आणि ज्याने केला त्याचे काम ती वाचत नाही.

मी संगणकशास्त्र शिकवते. या विषयात आज विद्यार्थ्यांची वाण नाही. एमएस्सी, एमसीए, डेटा सायन्स, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा अभ्यासक्रमांना प्रवेशासाठी रांगा लागतात. जागा वाढतात, तुकड्या वाढतात, स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम वाढतात. वाढत नाहीत ते कायमस्वरूपी शिक्षक. त्यांची उणीव तासिका तत्त्वावरचे आणि कंत्राटी शिक्षक भरून काढतात. त्यांच्या कष्टांवरच विभाग चालले आहेत आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच आहे. पण तासावर पैसे मिळणाऱ्या, पुढच्या सत्रात बोलावणे येईल की नाही हे ठाऊक नसलेल्या माणसाकडून पाच वर्षांच्या संशोधनाची अपेक्षा कुणी करू नये.

याचा सर्वांत मोठा फटका कुठे बसतो ते पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएचडी नियमावलीनुसार पीएचडीचे मार्गदर्शन कायमस्वरूपी शिक्षकच करू शकतात. प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. म्हणजे प्राध्यापकाची एक जागा रिकामी राहिली की पीएचडीच्या आठ जागा नाहीशा होतात. त्या आठ जणांमधूनच उद्याचे शिक्षक यायचे असतात. दहा-बारा वर्षे भरती रखडली तर पदे रिकामी राहतात एवढ्यावर भागत नाही, ती भरू शकणारी पिढीच तयार होत नाही.

"संगणकातल्या हुशार माणसांना कंपन्या एवढा पगार देतात, ती विद्यापीठात कशाला येतील?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. प्रश्न खरा आहे. सातव्या वेतन आयोगानुसार विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये आहे. आयआयटीत पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव असलेला सहायक प्राध्यापक 1,01,500 रुपये मूळ वेतनावर रुजू होतो. पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांच्या संशोधन प्रयोगशाळा याच्या कित्येक पट देतात. पैशांच्या स्पर्धेत आपले विद्यापीठ उतरूच शकत नाही. म्हणूनच बाकी जे आपल्या हातात आहे ते आपण जपायला हवे : विषय निवडण्याचे स्वातंत्र्य, चांगले विद्यार्थी, विचार करायला वेळ आणि सन्मानाने केलेली निवड. आपण नेमके तेच गमावून बसलो आहोत.

महाराष्ट्राला हे कधी जमले नाही असे नाही. मनमोहन शर्मा 1964 साली केंब्रिजमधून पीएचडी करून आले. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाने, म्हणजे सगळ्यांच्या परिचयाच्या यूडीसीटीने, त्यांना थेट प्राध्यापक म्हणून नेमले. तेव्हा त्यांचे वय 27 होते. पुढे ते त्याच संस्थेचे संचालक झाले आणि 1990 साली रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी 1969 साली पीएचडी पूर्ण केली ती त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. शर्मांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांनी देशातली रासायनिक अभियांत्रिकी घडवली. एका राज्य विद्यापीठाने एका तरुणाचे काम ओळखले, त्याच्यावर भरवसा टाकला आणि त्या एका नेमणुकीचे फळ देशाने पन्नास वर्षे खाल्ले. आज प्राध्यापकपदासाठी सामान्यतः दहा वर्षांचा अनुभव लागतो. 27 वर्षांच्या शर्मांचा अर्ज आज छाननीतच बाजूला पडला असता.

दुसरे उदाहरण पुणे विद्यापीठाच्या आवारातले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेच 1988 साली तिथे आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन केली. जयंत नारळीकरांनी तिथे माणसे जमवली. नरेश दधीच, अजित केंभावी, संजीव धुरंधर, थाणू पद्मनाभन ही नावे आज खगोलशास्त्राच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहेत. गुरुत्वीय लहरींचा वेध प्रत्यक्षात 2015 साली लागला. पण त्या लहरी गोंगाटातून कशा वेगळ्या काढायच्या याचे गणित धुरंधर आणि त्यांचे सहकारी नव्वदीच्या दशकाच्या आरंभीच पुण्यात मांडत होते. पाव शतक फळाची हमी नसलेल्या प्रश्नावर काम करता येईल अशी जागा तिथे होती. आयोग तोच, शहर तेच आणि आवारही तेच. फरक पडला तो माणसे शोधून आणण्याला पहिले काम मानल्यामुळे.

संगणकशास्त्रातही आपल्या देशात असे घडले आहे. आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल यांनी नुकतेच बीटेक झालेल्या नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांच्यासह ऑगस्ट 2002 मध्ये एक शोधनिबंध जाहीर केला. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वेगाने ठरवणारी रीत त्यात होती. जगभरच्या गणितज्ञांना हुलकावणी देत आलेला हा प्रश्न होता. या कामाला 2006 चा गोडेल पुरस्कार मिळाला. अग्रवाल यांची पीएचडी कानपूरचीच. चेन्नई आणि जर्मनी इथे काम करून ते 1996 साली परतले आणि त्यांना परत घेणारा विभाग तिथे होता. बीटेकचा विद्यार्थी आणि जागतिक दर्जाचा प्रश्न यांच्यामध्ये एक प्राध्यापक उभा असावा लागतो. आपल्या विद्यापीठांत विद्यार्थी आहेत, प्रश्नही आहेत. मधली जागा रिकामी आहे.

आता आपण ही जागा भरताना काय मोजतो ते पाहू. आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीसाठी शंभर गुणांचे कोष्टक आहे. त्यात पदवीच्या टक्केवारीला 15 आणि पदव्युत्तर टक्केवारीला 25, असे परीक्षेच्या गुणांना मिळून 40 गुण आहेत. प्रकाशित संशोधनाला जास्तीत जास्त 10, दर शोधनिबंधाला 2 या हिशेबाने. म्हणजे विसाव्या वर्षी बीएस्सीला मिळालेले मार्क हे तिसाव्या वर्षी छापलेल्या संशोधनापेक्षा जड ठरतात. खेड्यातून आलेली, मराठी माध्यमातून शिकलेली, इंग्रजीशी झुंजत पदवी काढलेली मुलगी पुढे कितीही वर गेली तरी ती टक्केवारी तिचा पिच्छा सोडत नाही. आणि पाच साधारण शोधनिबंधांनी ते दहा गुण भरले की सहावा असाधारण निबंध शून्य गुणांचा होतो.

संगणकशास्त्रावर या कोष्टकांनी आणखी एक अन्याय होतो. बहुतेक विज्ञानशाखांत महत्त्वाचे काम जर्नलमध्ये छापले जाते. संगणकशास्त्रात ते आधी मोठ्या कॉन्फरन्समध्ये येते. तिथे प्रत्येक निबंध तज्ज्ञ तपासतात आणि बहुतेक निबंध नाकारले जातात. नरेंद्र करमरकर यांनी रेषीय आयोजनाची जगप्रसिद्ध रीत मांडली ती 1984 च्या स्टॉक या परिषदेत. आजची जवळजवळ सगळी मोठी भाषा-प्रतिमाने ज्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर उभी आहेत तो 2017 चा निबंधही कॉन्फरन्सचाच. आपल्या छाननीच्या कोष्टकात दोन गुण आहेत ते जर्नलमधल्या निबंधाला. वरच्या पदांसाठीच्या संशोधन गुणांत कॉन्फरन्सच्या निबंधाला जागा आहे, पण त्याचे गुण परिषद कुठे भरली यावर ठरतात : परदेशात भरली तर 7, देशात भरलेली आंतरराष्ट्रीय असेल तर 5. ती जगातली सर्वांत कठोर परिषद होती की शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला व्यासपीठ देणारी, याला त्यात स्थान नाही. शिवाय या सदरातल्या गुणांना एकूण गुणांच्या 30 टक्क्यांची मर्यादा आहे.

लेखकांच्या क्रमाचेही तसेच. तीन किंवा अधिक लेखक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला 70 टक्के आणि इतरांना 30 टक्के गुण असा नियम आहे. सैद्धांतिक संगणकशास्त्रात लेखकांची नावे वर्णानुक्रमे लिहिण्याची जगभर प्रथा आहे. कानपूरच्या त्या निबंधावरही अग्रवाल, कयाल, सक्सेना असाच क्रम आहे. या हिशेबाने सक्सेना यांचा वाटा त्यांच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून ठरला असता.

अशा मोजमापाचा परिणाम विभागांत स्पष्ट दिसतो. तरुण शिक्षक एका कामाचे चार तुकडे करून चार ठिकाणी छापतात. पैसे घेऊन छापणारी जर्नले त्यावर पोसली जातात. दोन वर्षे एकाच अवघड प्रश्नाशी झटणारा माणूस रकाने भरण्यात मागे पडतो. सूत्र कितीही वेळा बदला, कागदाला किती आणि मुलाखतीला किती याची वाटणी कशीही करा, जोवर कुणी जाणकार बसून उमेदवाराचे तीन निबंध वाचत नाही, तोवर निवड आंधळीच राहणार.

मुलाखतीची तऱ्हाही निराळी नाही. एका दिवसात अनेक उमेदवार आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटे. तेवढ्यात फार तर व्याख्या विचारता येतात. जगातली चांगली संशोधन विद्यापीठे उमेदवाराला एक-दोन दिवस बोलावतात. तो विभागापुढे तासभर आपल्या कामावर बोलतो, प्रश्नांना उत्तरे देतो. विभागातले शिक्षक त्याला एकेकटे भेटतात, विद्यार्थीही भेटतात. त्याआधी त्या विषयातल्या बाहेरच्या तज्ज्ञांची सविस्तर पत्रे आलेली असतात. या भेटीत उमेदवारही विद्यापीठाची पारख करत असतो. निवड समितीपुढे येण्याआधी उमेदवाराने खुले व्याख्यान द्यावे, याला आपल्याकडे कुठलाही नियम आड येत नाही.

आणि वेळ. मंजुरी, आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी, जाहिरात, शुद्धिपत्रक, छाननी, आक्षेप, न्यायालय, पुन्हा जाहिरात. अर्ज भरल्यापासून नेमणुकीपर्यंत वर्षे जातात आणि कधीकधी जाहिरातच रद्द होते. परदेशी पीएचडी संपवत असलेल्या मराठी मुलाला घरी परतायचे असते, पण त्याला या वर्षी नोकरी हवी असते. आयआयटी वर्षभर अर्ज स्वीकारतात आणि आपल्या विद्यापीठाची जाहिरात कधी येईल हे खुद्द विभागप्रमुखांना माहीत नसते. मग तो कुणाकडे जाईल हे वेगळे सांगायला नको.

या उशिराचे खापर कुणी आरक्षणावर फोडू नये. आरक्षित जागा भरणे हे कायद्याचे आणि न्यायाचे कर्तव्य आहे आणि ते उत्तम रीतीने पार पाडता येते. त्यासाठी जाहिरात देऊन वाट पाहत बसण्याऐवजी आधीपासून शोध घ्यावा लागतो. देशभरातल्या आयआयटी, आयआयएस्सी, केंद्रीय विद्यापीठे इथे अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गांतले कितीतरी तरुण पीएचडी करत आहेत. त्यांना आपल्या विभागाकडून किती वेळा पत्र गेले? "योग्य उमेदवार मिळाला नाही" हा शेरा मारणाऱ्या समितीने आपण कुठे कुठे शोधले हे लेखी सांगितले पाहिजे.

माझ्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप येईल, त्याचे गांभीर्य मला मान्य आहे, म्हणूनच त्याचे उत्तर देते. गुणांचे कोष्टक काढून तज्ज्ञांच्या मतावर निवड सोपवली, तर वशिल्याला रान मोकळे होईल, असे लोक म्हणतील. नेमणुकांत ओळख आणि पैसा चालतो हा संशय समाजात खोल रुजलेला आहे आणि तो निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण कोष्टकाने वशिला थांबलेला नाही. वशिला बंद दाराआड चालतो, म्हणून उपाय दार उघडण्याचा आहे. उमेदवाराचे व्याख्यान सगळ्यांसाठी खुले असू द्या आणि त्याचे चित्रीकरण जपून ठेवा. परीक्षकांशी उमेदवाराचे नाते, मार्गदर्शन किंवा सहलेखन असेल तर ते आधी जाहीर होऊ द्या आणि त्या परीक्षकाला बाजूला बसवा. समितीने प्रत्येक निवडीची आणि नकाराची कारणे लिहून काढावीत आणि निवड झालेल्याचे संशोधन सर्वांना वाचायला खुले ठेवावे. सगळ्या विभागासमोर तासभर उत्तरे देऊ न शकलेल्या माणसाची निवड करणे मग कुणालाही जड जाईल.

नेमणूक झाल्यावर काय होते याचाही विचार व्हावा. नव्या सहायक प्राध्यापकाकडून आठवड्याला 16 तासांचे प्रत्यक्ष अध्यापन अपेक्षित असते. त्यात परीक्षेची कामे, नॅक मूल्यांकनाच्या फायली, प्रवेश समित्या यांची भर पडते. संगणक मागवायचा तर निविदेची वाट पाहा. आज कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करायला मोठी गणनशक्ती लागते. केंद्राने मार्च 2024 मध्ये मंजूर केलेल्या सुमारे 10,372 कोटी रुपयांच्या इंडिया-एआय मिशनमध्ये त्यासाठी तरतूद आहे. पण तिथे प्रस्ताव लिहून पाठवायला विभागात कायमस्वरूपी माणूस तर हवा! पहिली तीन वर्षे नव्या शिक्षकाला निम्मा कार्यभार, सुरुवातीचे संशोधन अनुदान आणि एका पीएचडी विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती एवढे दिले, तरी तो टिकेल.

म्हणून आपणा सर्वांना माझी विनंती अशी :

1. कुलपती महोदय, विद्यापीठांच्या भरतीचे वार्षिक वेळापत्रक ठरवून द्यावे. जाहिरातीपासून नेमणूकपत्रापर्यंत सहा महिन्यांची मर्यादा असावी आणि ती ओलांडली तर जबाबदारी निश्चित व्हावी.

2. मंत्री महोदय, संगणकशास्त्राच्या मंजूर पदांना दर वर्षी थोडी थोडी, पण न चुकता मान्यता द्यावी. दहा वर्षांनी एकदम पन्नास जागा काढल्या तर त्या वर्षी जे उपलब्ध असतील तेच घ्यावे लागतात.

3. संगणकशास्त्रासाठी मान्यवर कॉन्फरन्सची यादी त्या विषयातल्या सक्रिय संशोधकांकडून करून घ्यावी आणि तिथल्या निबंधाला जर्नलइतकाच मान द्यावा. राज्याच्या अखत्यारीत असेल तिथे हे लगेच करावे, उरलेल्यासाठी आयोगाकडे आग्रह धरावा.

4. कुलगुरू महोदय, प्रत्येक विभागात शोध समिती नेमावी. तिने वर्षभर परिषदा, प्रयोगशाळा आणि परदेशातले मराठी संशोधक यांच्याशी संपर्क ठेवावा. अंतिम फेरीतल्या प्रत्येक उमेदवाराचे तीन निबंध बाहेरच्या तज्ज्ञांनी वाचून लेखी मत द्यावे. खुले व्याख्यान सक्तीचे करावे.

5. आयोगाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उद्योगातल्या अनुभवी माणसांना मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून बोलावता येते. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांनी याचा लाभ जरूर घ्यावा, मात्र त्या नेमणुका कायम पदांना पर्याय ठरू नयेत.

6. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यांमध्ये ज्यांचे संशोधन चांगले आहे, त्यांना याच खुल्या प्रक्रियेत त्यांच्या अनुभवाचे पूर्ण श्रेय मिळावे.

टाटांचे संशोधन केंद्र टीआरडीडीसी 1981 साली पुण्यात सुरू झाले, सी-डॅक 1988 साली. पुण्यातच उभा राहिलेला 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर 2007 मध्ये जगात चौथ्या क्रमांकावर होता. संगणक-संशोधनासाठी लागणारे शहर, उद्योग आणि विद्यार्थी महाराष्ट्राकडे अनेक दशकांपासून आहेत. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांनी त्यात आपला वाटा उचलायचा तर सुरुवात प्राध्यापकांपासूनच करावी लागेल.

सगळ्या विद्यापीठांत हे एकदम होणार नाही, हे मी समजू शकते. या वर्षी एका विद्यापीठाच्या एका संगणकशास्त्र विभागात तीन जागा या पद्धतीने भरा. उमेदवार कुठून शोधले, त्यांचे काम कुणी वाचले आणि का निवडले हे लोकांसमोर ठेवा. त्या तिघांना पाच वर्षे काम करू द्या आणि मग निकाल तपासा. तो आदेश काढण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. कृपया तो वापरावा.

आपली नम्र,
संगणकशास्त्राची एक प्राध्यापिका